डायरेक्टरची समाजमाध्यमावरची पोस्ट आणि कंपनीचा करार : गोव्यातल्या उद्योजकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेर्ण्याची औषध कंपनी असो, कुंडईचं इंजिनिअरिंग युनिट असो की आसगावात व्हिला बांधणारा बिल्डर, हल्ली कंपनीची बातमी आधी डायरेक्टरच्या फोनवरून बाहेर पडते आणि मग ऑफिसात कळते. पोस्ट टाकणारा एक असतो. नोटीस आल्यावर फायली उपसणारे अकाउंटंट, कंपनी सेक्रेटरी आणि वकील वेगळेच असतात. हे पान मुख्यतः या दुसऱ्या मंडळींसाठी आहे. पहिल्यांनी वाचलं तर उत्तमच.

एक गोष्ट आधीच सांगतो. पोस्टला स्वतःचं बळ फार थोडं असतं. ते तिला तुम्ही आधीच सही करून दिलेलं एखादं कलम देतं. म्हणून खालच्या उत्तरांत 'करार काढा आणि बघा' हे वाक्य पुन्हा पुन्हा येईल.

खातं माझं वैयक्तिक आहे. तिथलं लिखाण कंपनीच्या अंगावर कसं येईल?

खातं कोणाच्या नावावर आहे याला फारसं महत्त्व नाही. लिहिणारा कोण, आणि वाचणाऱ्याने त्यावरून काय समजणं रास्त होतं, हे बघितलं जातं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २३७ चा मथितार्थ असा : एखाद्याला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे असं तुम्ही तुमच्या वागण्यातून लोकांना वाटू दिलंत, तर प्रत्यक्षात अधिकार नसला तरी तुम्ही बांधले जाऊ शकता. कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या लिंक्डइनचा दुवा आहे, ऑर्डर मिळाल्याची बातमी दरवेळी तिथूनच फुटते आणि कंपनीचं पान ती पुढे पाठवतं. मग 'मते वैयक्तिक' ही ओळ किती टिकणार? ती राजकारणावरच्या किंवा क्रिकेटवरच्या मताला पुरते. 'एप्रिलपासून नवा प्लांट सुरू' हे मत नाहीच, ती माहिती आहे.

टेस्लाने तर नोव्हेंबर २०१३ मध्ये गुंतवणूकदारांना लेखी कळवलं होतं की कंपनीच्या माहितीसाठी इलॉन मस्क यांचं ट्विटर खातंही बघत चला. पाच वर्षांनी ते वाक्य चांगलंच महागात पडलं.

एका ट्वीटने करारातला आकडा बदलतो म्हणजे नेमकं काय होतं?

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण यात गणित आहे, भावना नाहीत.

वॉरंट म्हणजे ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. टेस्लाने २०१४ मध्ये जेपी मॉर्गन बँकेला असे वॉरंट विकले. मुदत जून-जुलै २०२१, ठरलेला भाव सुमारे ५६० डॉलर ६४ सेंट. अशा करारांत एक नेहमीचं कलम असतं : कंपनी विकली जाण्याची किंवा शेअरबाजारातून बाहेर पडण्याची घोषणा झाली, तर बँकेने ठरलेला भाव असा बदलायचा की घोषणेआधी वॉरंटची जी किंमत होती ती नंतरही तेवढीच राहावी.

७ ऑगस्ट २०१८ रोजी, आपल्याकडे रात्रीचे १० वाजून १८ मिनिटं झाली असताना, मस्क यांनी लिहिलं की ४२० डॉलरने कंपनी खाजगी करण्याचा विचार आहे आणि पैशांची सोय झाली आहे. आता बँकेच्या टेबलावर बसून बघा. कंपनी ४२० ला खाजगी झाली, तर शेअरला ४२० च्या वर जागाच उरत नाही. मग ५६० ने शेअर घेण्याचा हक्क म्हणजे रद्दी. शिवाय अशा हक्काची किंमत मुख्यतः दोन गोष्टींवर जगते, उरलेली मुदत आणि भावातली चढउतार. खाजगी झाल्यावर दोन्ही संपतात. म्हणून बँकेने काही दिवसांत ठरलेला भाव ४२४ डॉलर ६६ सेंटवर आणला. २४ ऑगस्टला बेत सोडून दिल्याचं जाहीर झाल्यावर तो ४८४ डॉलर ३५ सेंटपर्यंत परत चढवला. मूळ ५६० पर्यंत मात्र नेला नाही.

पुढे शेअर कित्येक पट वाढला, वॉरंट पिकले, आणि दोन भावांमधल्या त्या फरकाची रक्कम १६ कोटी २० लाख डॉलरवर गेली. बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये दावा लावला. टेस्लाचं म्हणणं, बँकेने घाईने आणि संधी साधून भाव फिरवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये दोघांनीही आपापले दावे मागे घेतले.

त्याच ट्वीटवर अमेरिकेच्या बाजार नियामकाने मस्क आणि टेस्ला यांच्याकडून प्रत्येकी दोन कोटी डॉलर वसूल केले आणि मस्क यांना अध्यक्षपद सोडावं लागलं. उलट शेअरधारकांच्या खटल्यात फेब्रुवारी २०२३ मध्ये ज्यूरीने मस्क यांच्या बाजूने कौल दिला. एकच पोस्ट, तीन ठिकाणी तीन मापं. नियामकाला मजकूर खोटा होता का हे बघायचं असतं, ज्यूरीला नुकसान झालं का हे. करारातल्या हिशेबाला मात्र 'घोषणा झाली का' एवढंच पुरतं.

आमच्याकडे वॉरंट-बिरंट काही नाही. साधं बँकेचं कर्ज आहे. मग आम्हाला काय?

साध्या कर्जातच जास्त फसतं, कारण तिथली कलमं कोणी वाचत नाही. मंजुरीपत्र आणि कर्जकरार काढा आणि चार जागा शोधा : बँकेला कोणती माहिती, किती दिवसांत द्यायची; मालकी किंवा भागीदारी बदलण्याआधी बँकेची परवानगी; कर्जाचा वापर कशासाठी; आणि 'प्रतिकूल बदल' झाल्यास बँकेचे हक्क. पोस्ट या चारपैकी एकाला तरी जाऊन धडकते.

काजूचा कारखाना घ्या. कॅश क्रेडिट (मालाच्या तारणावर उचलायचं बँकेचं कर्ज) २ कोटी २५ लाख, पूर्ण उचललेलं. महिनाअखेरच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये ३ कोटींचा माल दाखवला. २५ टक्के मार्जिन (मालकाने स्वतः घालायचा वाटा) वजा जाता उचल करण्याची मर्यादा बरोबर २ कोटी २५ लाख येते, म्हणजे कागदावर सगळं ठीक. आता त्याच आठवड्यात मालकाने गोदामातून फेसबुक लाइव्ह केलं : 'चवथीआधीच सगळा माल गेला, बघा गोदाम रिकामं!' मागे खरोखर रिकामे रॅक दिसताहेत आणि कोपऱ्यात मोजून ८० लाखांची पोती. ८० लाखांवर मर्यादा बसते ६० लाख. म्हणजे खातं १ कोटी ६५ लाखांनी जास्त उचललेलं. कदाचित माल विकून पैसे येणे असतील आणि ते येणेबाकीत दाखवायचे राहिले असतील. तसं असेल तर सुटका आहे. पण स्टेटमेंटवर सही आहे आणि व्हिडिओवर तारीख आहे. बँकेने विचारल्यावर दोन्हींचा मेळ तुम्हालाच घालावा लागतो.

पुढे काय होऊ शकतं? पहिली पायरी दंडशुल्काची. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार अटी मोडल्याबद्दल बँकेला दंडशुल्क लावता येतं, पण ते व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुढे व्याजही चढवता येत नाही. हिशेबात तसं झालेलं दिसलं तर जरूर हरकत घ्या. दुसरी पायरी, जोखीम वाढली म्हणून दर वाढवणं. २० कोटींच्या कर्जावर पाव टक्का म्हणजे वर्षाला ५ लाख. आणि स्टेटमेंट मुद्दाम खोटं दिलं असा संशय आला, तर प्रकरण फसवणुकीच्या चौकशीत जातं. जुलै २०२४ च्या निर्देशांनुसार खातं 'फसवणूक' ठरवण्याआधी कारणे दाखवा नोटीस आणि उत्तराला किमान २१ दिवस द्यावेच लागतात. ती नोटीस आली की त्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

हप्ते थकलेत आणि मुलाने नव्या गाडीचा फोटो टाकला. इतकं काय त्यात?

गाडी मुलाच्या पैशाची असेल तर काहीच नाही, आणि त्याची पावती हाताशी ठेवा. कंपनीच्या खात्यातून गेली असेल तर कर्जाचा पैसा दुसरीकडे वळवल्याचा प्रश्न येतो. २५ लाख किंवा जास्त थकबाकी असलेल्यांना रिझर्व्ह बँकेच्या व्याख्येत हेतुपुरस्सर थकबाकीदार ठरवता येतं, आणि पैसा वळवणं हे त्यातलं एक कारण आहे. ९० दिवस उलटेपर्यंत खातं अनुत्पादक (एनपीए) होत नाही हे खरं. पण पहिल्या थकलेल्या दिवसापासूनच बँक ते निरीक्षणाखाली टाकते.

बँकवाले खरंच इन्स्टाग्राम बघत बसतात?

बसायची गरज नसते. स्टॉक ऑडिटर बघतो, रेटिंग एजन्सीचा माणूस बघतो, आणि तुमचा स्पर्धक तर आवर्जून पुढे पाठवतो. पणजीतली पोस्ट मडगावच्या शाखेत पोचायला कदंबा बसची वाट बघावी लागत नाही.

'डील झाली!' असं टाकलं, पण करारावर सही अजून बाकी आहे. करार झाला का?

झाला असू शकतो. सही हा करार झाल्याचा सोपा पुरावा आहे, एकमेव नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदान्त अॅल्युमिनियम या प्रकरणात बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार केवळ ईमेलच्या देवाणघेवाणीवरून पक्का धरला. औपचारिक करार व्हायचा होता, तरीही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १०-अ सांगतं की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अवैध ठरत नाही.

अंगठ्याची खूणसुद्धा पुरते. कॅनडातल्या एका शेतकऱ्याला धान्य खरेदीदाराने ८६ टन जवसाच्या कराराचा फोटो पाठवून 'करार पक्का का ते कळवा' म्हटलं. त्याने अंगठा वर केलेली इमोजी पाठवली. माल दिला नाही. 'मी फक्त मिळाल्याची पोच दिली' हे त्याचं म्हणणं न्यायालयाने २०२३ मध्ये फेटाळलं आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई लावली. त्याआधीचे करारही तो 'ओके', 'यप' अशाच शब्दांनी पक्के करत आणि माल देत होता, हे त्याला नडलं. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण युक्तिवाद इथेही तोच होणार : तुमची आपसांतली रीत काय होती?

म्हणून बोलणी चालू असताना प्रत्येक मसुद्यावर 'अंतिम करारावर सही होईपर्यंत कोणीही बांधील नाही' हे लिहा, आणि त्या काळात हस्तांदोलनाचे फोटो टाकू नका. लेखी 'बांधील नाही' आणि फोटोखाली 'भागीदारी पक्की', असे दोन कागद न्यायाधीशापुढे आले तर वकिलाचा निम्मा वेळ फोटो समजावण्यात जातो.

खाणीच्या बाबतीत काही वेगळं?

कायदा तोच, फरक मध्ये असणाऱ्या पायऱ्यांचा. लिलावात बोली लागणं, इरादापत्र, पर्यावरण मंजुरी, लीजचा करार, प्रत्यक्ष उत्खनन, हे सगळे वेगळे टप्पे आहेत. 'खाण मिळाली, या हंगामात पहिली बार्ज निघणार' (बार्ज म्हणजे खनिज वाहून नेणारी बोट) असं पहिल्या टप्प्यावर टाकलं आणि त्यावर विसंबून बार्जवाल्याने किंवा ट्रकवाल्याने कर्ज काढून करार केला, तर तो चुकीच्या माहितीवर करार झाल्याचं म्हणू शकतो. करार कायद्याच्या कलम १९ खाली तो करार रद्दही मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने गोव्यातली ८८ खाण-लीज रद्द होऊन १६ मार्चपासून खाणी थांबल्या, तेव्हापासून इथल्या करारांत 'आवाक्याबाहेरचं कारण' हे कलम सगळे बारकाईने लिहितात. मात्र त्या कलमाखाली नोटीस देऊन पुरवठा थांबवायचा आणि त्याच आठवड्यात 'काम जोरात' असा व्हिडिओ टाकायचा, हे दोन्ही एकदम चालत नाही.

स्टार्टअपसाठी फंड उभारतोय. 'गुंतवणूक करायची असेल तर मेसेज करा' असं लिहिलं तर?

हे कृपा करून लिहू नका. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ४२ खाली निवडक लोकांना शेअर देताना कोणत्याही माध्यमातून जाहिरात करता येत नाही, आणि एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त लोकांना प्रस्ताव देता येत नाही (मान्यताप्राप्त संस्था आणि ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या शेअर-योजनेतले कर्मचारी सोडून). तुमच्या ४ हजार फॉलोअर्सपुढे टाकलेला प्रस्ताव सार्वजनिक ठरू शकतो. दंड उभारलेल्या रकमेइतका किंवा २ कोटी, यांतला कमी तो; शिवाय पैसे ३० दिवसांत व्याजासह परत. त्याहून जास्त दुखणारा परिणाम पुढच्या फेरीत दिसतो. नव्या गुंतवणूकदाराचा वकील तपासणीत ती पोस्ट काढतो, आणि संस्थापकाने वैयक्तिक हमी द्यावी अशी अट करारात येते.

पैसे बँकेत जमा होऊन शेअर वाटप झालं, रजिस्ट्रारकडे फॉर्म गेला, की मग खुशाल सांगा.

व्हिला आणि फ्लॅटच्या रील्सचं काय?

रेरा कायद्यात (घरबांधणी प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) 'जाहिरात' म्हणजे कोणत्याही माध्यमातली, कोणत्याही रूपातली प्रसिद्धी. डायरेक्टरची रील त्यात येते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त आणि सदनिका आठपेक्षा जास्त असतील तर नोंदणीआधी जाहिरात करायचीच नाही. दंड प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या १० टक्क्यांपर्यंत. नोंदणीनंतर प्रत्येक जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि रेराच्या वेबसाइटचा पत्ता हवा. रीलमध्ये तो दोन सेकंद कोपऱ्यात येऊन जातो, तेवढ्यावर विसंबू नका, मजकुरातही लिहा.

कलम १२ खाली, जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून ज्याने पैसे भरले आणि नुकसान झालं, त्याला भरपाई मागता येते; बाहेर पडायचं असेल तर सगळे पैसे व्याजासह. विक्रीकरारात 'जाहिरातीतला मजकूर लागू नाही' असं छापलं म्हणून हे टळत नाही. 'सनद मिळाली' (जमीन बिगरशेती वापराला मोकळी झाल्याचा दाखला) ही दोन शब्दांची पोस्ट अर्ज प्रलंबित असताना टाकली तर तिचं मोल फार मोठं असतं. आणि 'समुद्र दिसतो' म्हणाल तर कुठल्या मजल्यावरून, तेही लिहा.

कंपनी शेअरबाजारात नोंदलेली आहे. नियम किती कडक?

इथे पोस्टच्या आधी घड्याळ बघायचं. सेबीच्या नियमांनुसार संचालक मंडळाच्या बैठकीत झालेला महत्त्वाचा निर्णय बैठक संपल्यापासून ३० मिनिटांत शेअरबाजाराला कळवायचा. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली असेल तर ३ तासांत. कंपनीच्या आतून घडलेली बाकीची घटना १२ तासांत, बाहेरून आलेली २४ तासांत. सगळ्यांत जास्त घडणारी चूक अशी : बैठक ४ वाजता संपते, कंपनी सेक्रेटरी अजून पीडीएफ बनवतोय आणि ४ वाजून १० मिनिटांनी कोणी संचालक सेल्फी टाकतो, 'बोनस शेअर! अभिनंदन टीम'. ३ तास उलटले नाहीत, तरी माहिती चुकीच्या दारातून बाहेर पडली. बाजाराच्या संकेतस्थळावर आधी, तुमच्या पानावर नंतर. हा क्रम कधीच उलटत नाही.

अमेरिकेत नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी जुलै २०१२ मध्ये फेसबुकवर लिहिलं की महिन्याचं प्रेक्षण एक अब्ज तासांच्या वर गेलं. नियामकाने चौकशी केली आणि एप्रिल २०१३ मध्ये सांगितलं की समाजमाध्यम चालेल, पण कोणतं खातं बघायचं हे गुंतवणूकदारांना आधी कळवलेलं हवं. आपल्याकडे तशी पळवाट समजू नका. बाजाराला कळवणं सुटत नाही.

तिमाही संपल्यापासून निकालानंतर ४८ तासांपर्यंत आतल्या मंडळींना शेअरची खरेदी-विक्री बंद असते. त्या काळात 'यंदाची तिमाही भारी' असला इशाराही नको. अंतर्गत माहितीवर व्यवहार झाल्याचं ठरलं तर दंड किमान १० लाख, आणि कमाल २५ कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यांतलं जास्त ते.

समोरच्या पार्टीने फसवलं. लोकांना सावध केलं तर चुकलं कुठे?

करारात बदनामी न करण्याचं किंवा गोपनीयतेचं कलम आहे का ते आधी बघा. ट्विटरच्या ४४ अब्ज डॉलरच्या खरेदीत मस्क यांना व्यवहाराविषयी ट्वीट करायची मुभा होती, पण कंपनीची किंवा तिच्या प्रतिनिधींची नालस्ती होणार नाही या अटीवर. नंतर कंपनीने दाव्यात त्यांचे ट्वीट्सच पुढे मांडले, अगदी शेणाच्या इमोजीसकट. लवाद चालू असेल तर लवाद कायद्याचं कलम ४२-अ कामकाज गोपनीय ठेवायला सांगतं. 'आज सुनावणीत त्यांची बोलती बंद' हे तिथेच अडकतं.

याची दुसरी बाजू कोणी लक्षात घेत नाही : कौतुकही नडतं. कुंडईच्या युनिटने सव्वा कोटीचं पॅकिंग मशीन घेतलं, बसवल्यावर डायरेक्टरने लिहिलं, 'अप्रतिम मशीन, पुरवठादारांचे आभार'. मग दोष निघाला, पैसे अडवले. पुरवठादाराने दिवाळखोरी संहितेखाली मागणी नोटीस पाठवली. १ कोटी किंवा जास्त थकबाकीला तो मार्ग खुला आहे आणि उत्तराला १० दिवस असतात. पुढचा दिवाळखोरीचा अर्ज रोखायचा तर नोटिशीआधीपासून वाद होता हे दाखवावं लागतं. मोबिलॉक्स प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने ते स्पष्ट केलं. आता तुमच्या हातात काय आहे? आभाराची पोस्ट. दोषाबद्दल ईमेल नाही, फक्त फोनवरची बोलणी. मशीन आल्यावर पोस्ट टाकायचीच असेल तर चाचणीचा कालावधी संपल्यावर टाका आणि तक्रार पहिल्याच दिवशी ईमेलने करा.

'सगळ्यांचे पैसे दिवाळीपर्यंत देतो' असं फेसबुकवर लिहिलं. कर्ज कबूल झालं का?

मुदत कायद्याच्या कलम १८ खाली, तीन वर्षांची मुदत संपण्याआधी लेखी आणि सही केलेली कबुली दिली तर मुदत नव्याने सुरू होते. पोस्टला सही म्हणायचं का, 'सगळे' म्हणजे कोण, यावर वाद होईल. देणेकऱ्याने असं मोघम लिहू नये. घेणेकऱ्यानेही तेवढ्यावर विसंबून मुदत टळू देऊ नये. सरळ शिल्लक-पुष्टीपत्रावर सही घ्यावी. घेणेकरी सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर ४५ दिवसांनंतर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं हेही आठवू द्या.

घरच्यांच्या पोस्टचा कंपनीशी काय संबंध?

गोव्यात थोडा जास्तच. इथल्या समाईक संपत्तीच्या पद्धतीत लग्नानंतर मालमत्ता बहुधा दोघांची असते. १९६१ च्या आयकर कायद्यात नवरा-बायकोत उत्पन्न वाटून धरणारं कलम ५-अ म्हणूनच आलं. डायरेक्टरने घर तारण दिलं तर बँक पत्नीचीही सही घेते. मग त्याच घराबद्दल 'आमचं घर आता होमस्टे, बुकिंग सुरू' अशी तिची पोस्ट आली, तर तारण मालमत्ता परवानगीशिवाय व्यावसायिक वापराला दिली असा प्रश्न उठतो. शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीत जोडीदार जवळचा नातेवाईक धरला जातोच, त्यामुळे जेवणाच्या टेबलावरची बातमीही जपायची.

समोरच्याची पोस्ट पुरावा म्हणून हवी आहे. कशी जपावी?

नुसता स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर वकिलाला पाठवला की काम झालं असं वाटतं. तो फोटो दाबला जातो, त्याची माहिती पुसली जाते आणि मूळ कुठे आहे ते सांगता येत नाही. असं करा : संगणकावर पोस्टचा पूर्ण पत्ता उघडा, प्रोफाइलपासून पोस्टपर्यंत, खालच्या कमेंट्ससकट, एकसलग स्क्रीन रेकॉर्डिंग करा आणि पडद्यावर संगणकाची तारीख-वेळ दिसू द्या. वेळ बघणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दिसते, म्हणून दुबईतून घेतलेला स्क्रीनशॉट दीड तास मागे असतो; कुठून बघितलं ते लिहून ठेवा. पोस्टवर 'संपादित' असं दिसत असेल तर तेही टिपा. इंटरनेट आर्काइव्हवर प्रत जतन करा. मग मूळ फाइलची एसएचए-२५६ हॅश (फाइलमधून निघणारा, तिचा ठसा असलेला अक्षर-आकड्यांचा कोड) काढून कागदावर लिहा आणि फाइलला हात लावू नका; कामाला प्रत वापरा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ पुरावा देणारा भरतो, भाग ब तज्ज्ञ. दोन्हींत हॅश लिहायची असते. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचं सांगितलं. तो निकाल जुन्या कायद्यावरचा, पण शिस्त तीच आहे. प्रमाणपत्र फाइल जपली त्या दिवशीच तयार करा. दोन वर्षांनी तो लॅपटॉप कोणाकडे गेला हे कोणालाच आठवत नाही.

चुकीची पोस्ट गेली. डिलीट करू?

वाद सुरू व्हायच्या आत, साधी चूक असेल तर : आधी प्रत जतन करा, मग काढा, आणि त्याच जागी दुरुस्ती टाका. गुपचूप काढली तर 'लपवली' असं दिसतं. बँकेला किंवा भागीदाराला त्या दिवशीच ईमेल करा. नोटीस आल्यावर मात्र काहीही काढू नका. आपोआप पुसले जाणारे संदेशही बंद करा. पुरावा दडवला तर तो तुमच्या विरुद्धच गेला असता, असं न्यायालयाला गृहीत धरता येतं.

नव्या करारात कोणतं कलम घालावं?

असं लिहून बघा : 'या करारात घोषणा म्हणजे संचालक मंडळाच्या ठरावानंतर कंपनीने लेटरहेडवर किंवा शेअरबाजाराला दिलेली लेखी माहितीच. संचालकाने किंवा अधिकाऱ्याने समाजमाध्यमावर लिहिलेला मजकूर घोषणा, माहिती किंवा कबुली मानला जाणार नाही.' बँक हे जसंच्या तसं घेणार नाही. तेव्हा मधला मार्ग मागा : अशा मजकुरावर कारवाई करण्याआधी बँकेने लेखी विचारायचं आणि कंपनीला दोन कामाचे दिवस खुलाशाला द्यायचे. बँका याला बऱ्यापैकी तयार होतात. हिशेब करणारा समोरचाच पक्ष असेल तर त्याच्या हिशेबाला आव्हान द्यायची मुदत आणि त्रयस्थ हिशेबनीस, हे दोन्ही कलमात हवेत. टेस्लाच्या भांडणाचं मूळ तिथेच होतं.

पोस्ट कोणी तपासावी?

कंपनी सेक्रेटरी, तो नसेल तर अकाउंट्स बघणारा. जाहिरात एजन्सी नव्हे. आकडा, तारीख, समोरच्या पार्टीचं नाव किंवा 'मंजूर', 'पक्कं', 'मिळालं' यांपैकी काहीही मजकुरात असेल तरच तपासणी, बाकी मोकळीक. शिग्म्याचा फोटोही मंजुरीला पाठवायला लावलात तर दोन आठवड्यांत सगळेच नियम सोडून देतात.

डायरेक्टरने राजीनामा दिला, पण लिंक्डइनवर अजून 'एमडी' आहे आणि तो ऑर्डरच्या गोष्टी करतोय. काय करावं?

३० दिवसांत डीआयआर-१२ (संचालक बदलल्याचा) फॉर्म भरा. पणजीच्या रजिस्ट्रारच्या नोंदीत बदल दिसला पाहिजे. त्यापेक्षा घाईचं काम म्हणजे बँक, मोठे ग्राहक आणि पुरवठादार यांना त्याच दिवशी ईमेल, की आजपासून अमुक व्यक्तीला कंपनीच्या वतीने बोलण्याचा अधिकार नाही. ज्याने आधी त्याच्याशी व्यवहार केला आहे, त्याला तुम्ही कळवेपर्यंत तो जुन्याच समजुतीवर चालू शकतो. कंपनीच्या पानाचा अॅडमिन तोच असेल तर आधी दुसरा अॅडमिन जोडून मग त्याचं नाव काढा. उलट क्रमाने केलंत तर पान हातचं जाऊ शकतं आणि परत मिळवायला महिने जातात.